‘थोडेसे बदल’ सहाव्यांदा आले की तुम्ही काय करता?

शाईचा_ठिपका

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं मी पूर्णवेळ मराठी कंटेंट लिहिते. त्याआधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. वेबसाइट, माहितीपत्रकं, व्हिडिओंच्या संहिता असं काम असतं. सगळं कोथरूडच्या घरातून चालतं.

जूनमध्ये भोसरी एमआयडीसीतल्या एका शेती अवजारांच्या कारखान्याचं काम आलं. पॉवर वीडर म्हणजे तण काढायचं छोटं यंत्र. त्याचं ८ पानी माहितीपत्रक आणि वेबसाइटची ५ पानं. १८,००० रुपये ठरले, फोनवरच. माझं बोलणं मार्केटिंग बघणाऱ्या मुलाशी व्हायचं. त्याला पहिला मसुदा आवडला, ‘एक नंबर’ म्हणाला. मग त्याच्या साहेबांनी वाचलं, त्यांना भाषा ‘प्रीमियम’ हवी होती. केली. साहेबांच्या भावाला ती जड वाटली. हलकी केली. मग साहेबांच्या वडिलांनी वाचलं. कारखाना त्यांनीच उभा केलेला. त्यांच्याकडून एका ओळीचा निरोप आला: ‘हे शेतकऱ्याचं वाटत नाही.’

आता सहावी फेरी चालू आहे. ९,००० मिळाले, उरलेल्या ९,००० ला ७० दिवस होऊन गेले. ‘फायनल झालं की लगेच देतो’ असं प्रत्येक वेळी सांगतात.

मला भांडायचं नाही. माणसं गोड बोलणारी आहेत, आणि पैसे बुडवतील असं वाटतही नाही. पण या एका कामापायी मी दोन कामं नाकारली. रात्री झोपताना त्या वाक्यांचाच विचार असतो. तुम्ही किती फेऱ्या देता? ते आधी सांगता कसं? आणि आगाऊ पैसे मागताना ‘तुमच्यावर विश्वास नाही’ असा अर्थ निघू नये म्हणून काय बोलता?

टेकडीवरून

सहा झाल्या ना? सातवी पडू देऊ नका. सप्तपदी पूर्ण झाली की जन्माचं नातं.

पेठेतला_प्रूफवाला

आमचं अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं लावायचं काम, वडिलांच्या वेळेपासून. लेखकांचं माहीत नाही, पण आम्ही हा प्रश्न फार आधी सोडवला. पान लावून झालं की प्रूफ कागदावर काढायचं आणि त्यावर ‘छापण्यास हरकत नाही’ असं लिहून सही घ्यायची. सही झाल्यावर स्वल्पविराम हलवायचा असेल तरी वेगळे पैसे. वडील म्हणायचे, सही मागितली की माणूस पहिल्यांदा खरं वाचतो. माझाही तोच अनुभव आहे. दोन प्रुफं ‘ओके ओके’ म्हणणारा माणूस पेन हातात आलं की म्हणतो, ‘अहो, हा फोन नंबर तर जुना आहे.’

तुमच्या मसुद्यावर कुणाची सही घेतली होती का? कागदावर नको, ईमेलवर तरी?

शाईचा_ठिपका

नाही घेतली. ‘एक नंबर’ हाच होकार समजले.

जुनी_वही

ठिपका, मी १९८० च्या दशकात जाहिरातीच्या मजकुराला लागले. तेव्हा तुमचं हे ‘कंटेंट’ नव्हतं, आम्ही कॉपी म्हणायचो. टाइप केलेला कागद घेऊन स्कूटरवरून पिंपरीला जायचो. पिंपरी असो नाहीतर लक्ष्मी रोड, तुमच्यासारखी गोष्ट माझ्याबाबत निदान वीस वेळा झाली असेल. त्यातून जे उरलं ते सांगते.

पहिल्याच भेटीत मी एक प्रश्न विचारते: ‘शेवटचा होकार कोणाचा?’ बहुतेक वेळा समोर शांतता होते. घरच्या धंद्यात तर होतेच, कारण त्यांनीही ते कधी ठरवलेलं नसतं. मी नाव मिळेपर्यंत थांबते. मग सांगते, बाकी सगळ्यांनी जरूर वाचावं, पण त्यांची मतं या एका माणसाने गोळा करून एकाच कागदावर मला द्यावीत. भाऊ ‘जड’ म्हणतो आणि साहेब ‘प्रीमियम’ म्हणतात, तो वाद त्यांच्या घरातला आहे. तुम्ही तो तुमच्या पैशाने मिटवत बसलात.

दुसरं म्हणजे लिहायला बसण्याआधी मी एक पान पाठवते. त्याच्या डोक्यावर ‘मला असं कळलं’ एवढंच असतं. वाचणारा कोण, त्याला आज काय माहीत आहे, वाचून त्याने काय करावं, कोणत्या तीन गोष्टी सांगायच्याच आणि कोणती अजिबात सांगायची नाही. या पानावर भांडण झालं तर फार चांगलं, कारण तेव्हा भांडण स्वस्त असतं. मसुद्यावर झालेलं भांडण महाग पडतं.

बदल आले की मी त्यांचे ढीग करते. माझी चूक असेल तर कितीही वेळा, फुकट, आणि माफी मागून. आवडीनिवडीचे बदल असतील तर दोन फेऱ्या. ‘आता हे यंत्र डाळिंबालाही चालतं, ते घाला’ असं काही आलं तर ते नवं काम. त्याला नवा आकडा. तुमच्या सहा फेऱ्या अशा वेगळ्या काढून बघा. मला वाटतं कारखान्याच्या आजोबांचा निरोप या तिन्हींपेक्षा निराळा आहे. त्याबद्दल नंतर लिहिते, डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली.

टेकडीवरून

जुनी वही, आदर ठेवून असहमत. हे मोठ्या एजन्सीच्या नावाखाली चालतं. मी बाणेरला भाड्याच्या खोलीतून काम करतो. १५-२० हजारांच्या कामाला कागद पुढे केला की समोरचा बिचकतो. ‘एवढ्याशा कामाला ॲग्रीमेंट?’ म्हणतो आणि दुसऱ्याकडे जातो. दुसरा असतोच. माझे चार ग्राहक असेच गेले, त्यातल्या एकाचं काम अजून माझ्या डोक्यात आहे, इतकं चांगलं होतं. नियम करायला आधी हातात काम असावं लागतं.

ताळेबंद

मी सीए आहे, माझ्या अशिलांत बरेच फ्रीलान्सर आहेत. टेकडी, करार म्हणजे स्टॅम्प पेपर, असं कुठेही नाही. तोंडी करारसुद्धा करारच असतो, फक्त तो सिद्ध करताना जीव जातो. फोन ठेवल्यावर पाच ओळींचा ईमेल करा: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे ८ पानं, १८,००० रुपये, निम्मे आगाऊ, दोन फेऱ्या, बिलानंतर ३० दिवस. काही वेगळं असल्यास कळवा.’ समोरून ‘ओके’ आलं की पुष्कळ झालं. यात बिचकण्यासारखं काही नाही, उलट माणूस व्यवस्थित आहे असं वाटतं.

आता ठिपकाताईंच्या ९,००० बद्दल. तुमची उद्यम नोंदणी आहे का? नसेल तर आजच करा. सरकारी पोर्टलवर फुकट होते. एजंट पैसे मागेल, देऊ नका. घरातून एकटीने लिहिणारी बाईसुद्धा ‘सूक्ष्म उद्योग’ म्हणून नोंदता येते, हे निम्म्या लेखकांना माहीत नसतं.

फायदा असा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांच्या पुढे ठेवता येत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय १९६१ च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं, ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. त्यामुळे मुदत उलटून मार्चअखेर थकलेली रक्कम कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. कारखान्यांचे अकाउंटंट या कलमाला मनापासून घाबरतात. बिलावर उद्यम क्रमांक दिसला की बिल वरच्या ट्रेमध्ये जातं.

पण एक मेख आहे, आणि तीच तुमच्या धाग्याचा विषय आहे. हे दिवस ‘स्वीकारल्यापासून’ मोजतात. काम पोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते स्वीकारलं असं धरतात. हरकत आली, तर ती दूर केल्याच्या दिवसापासून मोजणी. म्हणजे दर फेरीला तारीख पुढे सरकू शकते. म्हणून प्रत्येक मसुदा ईमेलने, तारखेसह, ‘१५ दिवसांत कळवावं’ असं लिहून पाठवा. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर येणारे बदल स्वतः लिहून काढा आणि परत त्यांनाच पाठवा.

नोंदणी काम घेण्याआधीची असावी. नंतर केलेल्या नोंदणीवरून वाद होतात. त्यामुळे या वेळी तुम्हाला तिचा उपयोग होईल असं मी म्हणणार नाही, पुढच्या कामाला नक्की होईल.

शाईचा_ठिपका

हे मला कुणी तीन वर्षांत सांगितलं नव्हतं. नोंदणी नाही, आज करते. मनापासून आभार.

निशिगंध_अनुवाद

थोडं अवांतर, पण पैशांचंच. इथे किती जण शब्दावर दर घेतात? मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. सुरुवातीची दोन वर्षं मराठी शब्द मोजून बिल लावत होते. मग एकदा हिशेब मांडला आणि रडूच आलं. ‘इन फ्रंट ऑफ द हाउस’ हे पाच शब्द. मराठीत ‘घरासमोर’, एक शब्द. आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे तेवढ्याच मजकुराला मराठीत शब्द कमी लागतात. मेहनत तीच, बिल कमी. तेव्हापासून मी मूळ इंग्रजी मजकुरावर दर लावते आणि पहिल्याच ईमेलमध्ये हे उदाहरण देते. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

मूळ मराठी लिखाणाला तर शब्दावर दर घेऊच नये. चांगलं लिहिणारा शेवटी शब्द कमीच करतो. त्याचे पैसे कापायचे?

पेठेतला_प्रूफवाला

+१. आणि अनुवाद युनिकोडमध्ये देता का, हेही विचारून घ्या. आमच्याकडे अजून निम्मं काम श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉण्टमध्ये चालतं. तुमचा मजकूर आम्ही कन्व्हर्टरमधून घेतो आणि मग रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात. ती चूक लेखिकेची म्हणून परत पाठवली जाते आणि एक फेरी फुकट जाते. ‘र्‍य’ आणि ‘र्य’ यांची अदलाबदल तर रोजची. ‘सुऱ्या’चा ‘सुर्या’ झालेला मी पाहिलाय. फॉण्ट हिंदी वळणाचा असला की ‘ल’ आणि ‘श’ही वेगळे दिसतात, आणि ग्राहक म्हणतो, ‘हे मराठी वाटत नाही.’ लिहिणारीला वाटतं भाषेबद्दल बोलतायत. मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’साठी शासनाने २००९ मध्ये निर्णयही काढला. म्हणून पान लागल्यावर एकदा डोळ्याखालून घालायला लेखकाने यावंच. आमच्याकडे चहा मिळेल.

मुक्काम_हडपसर

मी मूळचा अकोल्याचा. कृषी निविष्ठांच्या, म्हणजे बियाणं-खतं-औषधांच्या विक्रीत १४ वर्षं, निम्मा महाराष्ट्र फिरतो. ठिपकाताई, राग मानू नका. पत्रकात तण काढण्याला तुम्ही काय शब्द वापरला?

शाईचा_ठिपका

राग कसला. ‘तणनियंत्रण’, आणि काही ठिकाणी ‘आंतरमशागत’.

मुक्काम_हडपसर

दोन्ही शब्द बरोबर आहेत. कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत हेच असतात. पण बांधावर कुणी म्हणत नाही. इकडे पश्चिम महाराष्ट्रात हाताने तण काढायला खुरपणी म्हणतात, ओळींमधून अवजार चालवायला कोळपणी. आमच्या वऱ्हाडात तेच निंदण आणि डवरणी. माझ्या आजीला ‘तणनियंत्रण’ म्हटलं असतं तर तिला फवारणी वाटली असती.

आणि शब्दांपेक्षा मोठी गोष्ट सांगतो. शेतकरी पत्रक हातात घेतो तेव्हा तो विचारतो: एका एकराला पेट्रोल किती? माझ्या कपाशीच्या दोन ओळींमध्ये हे मावतं का? ओल असताना चिखल पात्यांत अडकतो का? पातं तुटलं तर तालुक्याला मिळतं की पुण्याला पाठवावं लागतं? बाई चालवू शकेल का, वजन किती? ऐन पावसाळ्यात खुरपणीला मजूर मिळत नाहीत, तो त्या चिंतेत उभा असतो. ‘अत्याधुनिक तंत्रज्ञानाने सुसज्ज’ हे वाचायला त्याला वेळ नाही. आजोबांना हेच म्हणायचं असणार. त्यांना ते लेखिकेच्या भाषेत सांगता आलं नाही, एवढंच.

जुनी_वही

मी जे लिहिणार होते ते हडपसरकरांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं. ग्राहक दुखतं कुठे ते सांगतो, रोग सांगत नाही. ‘मजा येत नाही’, ‘प्रीमियम करा’, ‘पंच नाही’ या सगळ्या तक्रारी आहेत, सूचना नव्हेत. त्या सूचना समजून आपण शब्द बदलत बसतो आणि दुखणं तिथेच राहतं.

ठिपका, तू त्या आजोबांशी बोलली आहेस का?

शाईचा_ठिपका

नाही. कारखान्यातही गेलेले नाही. त्यांनी इंग्रजी माहितीपत्रकाची पीडीएफ पाठवली होती, त्यावरून लिहिलं.

चाकणकर_उद्योग

मी टेबलाच्या पलीकडचा माणूस. चाकणला माझं प्रेस पार्टचं छोटं युनिट आहे, ३२ कामगार. चार वर्षांपूर्वी वेबसाइट करून घेतली तेव्हा मीही एका लेखकाला सात-आठ वेळा बदल सांगितले. तेव्हाही मला वाईट वाटत होतं, पण काय चुकतंय ते सांगता येत नव्हतं. त्यात लिहिलं होतं, ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय.’ शेजारच्या युनिटच्या वेबसाइटवरही तेच होतं. शेवटी मी थकलो, पूर्ण पैसे दिले आणि मजकूर वापरला नाही.

गेल्या वर्षी दुसऱ्या लेखिका आल्या. त्या म्हणाल्या, आधी एक पूर्ण शिफ्ट बघू द्या. सकाळी सातला आल्या. नाश्ता आमच्याच पोरांबरोबर केला. तपासणीच्या टेबलाजवळ लाल डबा असतो, नापास झालेले भाग त्यात पडतात. त्यांनी विचारलं, हा रोज किती भरतो? मी म्हटलं, पूर्वी दुपारपर्यंत भरायचा, आता आठवड्याला एकदा रिकामा करतो. त्यांनी वही काढली आणि पुढचा तास फक्त त्या डब्याबद्दल प्रश्न विचारले. वेबसाइटचा पहिला परिच्छेद त्या डब्यावर आहे. मी तो वाचला आणि दोनच बदल सांगितले, दोन्ही आकड्यांचे. माझ्या सुपरवायझरने तो घरी बायकोला वाचून दाखवला.

त्यांनी पहिल्या लेखकाच्या तिप्पट पैसे घेतले. मी घासाघीस केली नाही. अजून एक सांगतो, आगाऊ रक्कम मागितली की आम्हाला अपमान वाटत नाही. आम्ही स्टील घेतो तेव्हा आम्हीही देतो. लाजत लाजत मागितलं की मात्र शंका येते.

टेकडीवरून

हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो. पण काका, एक शिफ्ट उभं राहायचे पैसे देणारे तुम्ही. बाकीचे म्हणतात, ‘गुगलवर सगळं आहे, बघून लिहा.’ आणि आता तर म्हणतात, चॅटजीपीटीने लिहून ठेवलंय, फक्त ‘जरा हात फिरवा’. पाव दरात.

ओवी_लिहिते

टेकडी, हात फिरवण्याबद्दल बोलायलाच आले. असं पहिलं काम मी पाव दरात घेतलं होतं. २० पानं होती. ‘सेवा प्रदान करते’, ‘च्या माध्यमातून’, ‘सुनिश्चित करते’ असं दर ओळीला. वाक्य मराठी आणि सांगाडा परका. मूळ लिहायला लागला असता त्याहून जास्त वेळ गेला, कारण आधी यातलं खरं काय ते शोधावं लागलं. एका ठिकाणी कंपनीला न मिळालेलं प्रमाणपत्र मिळाल्याचं लिहिलं होतं. मालकांना दाखवलं तर तेच दचकले.

आता असं काम आलं की मी दोन पानं घेऊन, बदल दिसतील असे ठेवून नमुना करते आणि त्याला लागलेला वेळ लिहून पाठवते. मग तासावर दर. निम्मे लोक तो नमुना बघून म्हणतात, नव्यानेच लिहा.

उलट्या बाजूचं दुखणं म्हणजे ‘तुमचा मजकूर मशीनने लिहिलेला दाखवतोय’ असा स्क्रीनशॉट. माझ्या स्वतःच्या, हाताने लिहिलेल्या लेखावर एका ग्राहकाने असा शेरा पाठवला. मी त्यांना वहीतल्या पानांचे फोटो पाठवले आणि गुगल डॉक्सचा बदलांचा इतिहास उघडून दिला. ओपनएआयने स्वतःचं असं ओळखयंत्र जुलै २०२३ मध्ये बंद केलं, कारण ते पुरेसं अचूक नव्हतं. हेही सांगितलं. त्यांनी माफी मागितली. पण त्या दिवशी मला जे वाटलं ते मी विसरलेले नाही. म्हणून टिपणं फेकत नाही, मुलाखतींचं रेकॉर्डिंग परवानगी घेऊन करते आणि ठेवते.

निशिगंध_अनुवाद

ओवी, ‘प्रदान करते’ला माझाही कडकडून विरोध. २०२३ च्या नोव्हेंबरआधी दुकानांच्या मराठी पाट्यांची घाई झाली तेव्हा एका दिवसात तीस-तीस पाट्या यायच्या. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दोन महिने दिले होते ना, तेव्हाची गोष्ट. लोकांना अर्थ नको होता, फक्त लिपी बदलून हवी होती. मी प्रत्येकाला फोन करून विचारायचे, तुमच्या गिऱ्हाइकाला तुम्ही दुकानाबद्दल काय सांगता? एका मावशींनी सांगितलेलं वाक्य त्यांच्या पाटीवर आज आहे. जाता-येता बघते मी.

ओवी_लिहिते

किती छान! जमलं तर त्या पाटीचा फोटो टाका.

कलमवाली

वकील आहे, थोडक्यात लिहिते. पैसे न देता मजकूर वापरला तर काय, हे कुणी विचारलं नाही पण विचारायला हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मजकुराचा पहिला मालक साधारणपणे लिहिणारा असतो. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर, वेगळं ठरलेलं नसल्यास, मालक कंपनी. फ्रीलान्सर नोकर नसतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी हवं आणि सही हवी. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं.

म्हणून माझी शिफारस एका वाक्याची, बिलावर आणि पहिल्या ईमेलमध्ये: ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर मजकुराचे हक्क आपल्याकडे येतील.’ एवढ्याने अनेक थकबाक्या निघालेल्या मी पाहिल्या आहेत.

आणि लिहिणाऱ्यांनी आपली बाजूही सांभाळावी. बिल्डरच्या जाहिरातीत महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक लागतो, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. ‘मेट्रोपासून ५ मिनिटं’ लिहायला सांगितलं तर कशाने ५ मिनिटं, हे लेखी विचारा. औषधांच्या बाबतीत तर १९५४ चा कायदाच आहे. मधुमेह बरा करतो असा दावा करणारी औषधाची जाहिरात चालत नाही.

ओवी_लिहिते

याच मुद्द्यावर मी एक काम सोडलंय. ‘मधुमेह समूळ नष्ट’ असं लिहून हवं होतं. माझ्या बाबांनी असल्याच पत्रकावर विश्वास ठेवून तीन महिने गोळ्या बंद ठेवल्या होत्या. महिन्याचं भाडं निघेल एवढी रक्कम होती, पण हातच चालला नाही.

जुनी_वही

ओवी, तुझा फार अभिमान वाटला.

ताळेबंद

जाता जाता, कारण व्यक्तिगत निरोपात तिघांनी विचारलं. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल महाराष्ट्रात २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. ग्राहक ‘जीएसटीचं बिल द्या’ म्हणाला म्हणून नोंदणी नसताना १८ टक्के लावून बिल देऊ नका. आणि व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर कापतात. ही कपात ज्या रकमेपुढे लागते ती मर्यादा २०२५-२६ पासून एका ग्राहकाकडून वर्षाला ५०,००० ची झाली. कापलेले पैसे बुडत नाहीत, विवरणपत्रात परत धरता येतात, फक्त आयकर पोर्टलवर तुमच्या नावे जमा दिसतायत का ते बघा.

शाईचा_ठिपका

(अकरा दिवसांनी)

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. सहाव्या फेरीला हात लावला नाही. मार्केटिंगच्या मुलाला ईमेल केला: आतापर्यंतच्या सगळ्या बदलांची तारखांसकट यादी, आणि शेवटी एकच विनंती, आजोबांना भेटू द्या. तो म्हणाला, ते फोनवर बोलत नाहीत, शनिवारी कारखान्यात असतात.

गेले. वनाजहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून नाशिक फाटा, पुढे रिक्षा. आजोबा ८१ वर्षांचे. त्यांनी मला आधी यंत्र चालवायला लावलं, मागच्या मोकळ्या जागेत. पहिल्या वळणालाच हात दुखून आले. ते म्हणाले, ‘हे तुमच्या पत्रकात कुठंय? वळवताना क्लच सोडायचा, हे लिहा. नाहीतर माणूस पहिल्या दिवशी यंत्र परत आणतो.’ मग त्यांनी स्वतःच्या वडिलांचं कोळपं दाखवलं, भिंतीला टांगून ठेवलंय. पहिला वीडर त्यांनी त्याच्या मापावर बनवला होता. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच मला कुणी सांगितलं नाही. माझ्या पाचही मसुद्यांत त्या कोळप्याचा उल्लेख नव्हता.

दोन तास लिहून घेतलं. हडपसरकर, तुमचे प्रश्न एकेक करून विचारले. एकाला त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं, पात्यांत चिखल अडकण्याचं, तर त्यांनी मिस्त्रींना बोलावलं आणि त्या दोघांची तिथेच चर्चा सुरू झाली.

निघताना साहेबांना सांगितलं, होकार आजोबांचा एकट्याचा राहील आणि हा मसुदा शेवटचा. आधीच्या मसुद्यांत मी कारखाना न बघता लिहिलं, ही माझी चूक, म्हणून या फेरीचे पैसे नकोत. पण उरलेले ९,००० या फेरीशी जोडलेले नाहीत. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग अकाउंटंटला हाक मारली.

नवा मसुदा परवा दिला. आजोबांनी प्रिंट काढून घेतली, दोन ठिकाणी पेनाने दुरुस्त केलं आणि खाली सही केली. प्रूफवाले दादा, सही मागायची आठवण तुमच्यामुळे राहिली. वऱ्हाडसाठी वेगळी आवृत्ती हवी आहे, तिचा वेगळा आकडा ईमेलवर ठरला, निम्मे आगाऊ.

मुक्काम_हडपसर

वऱ्हाडची आवृत्ती छापण्याआधी मला पाठवा. गावाकडच्या दोन-तीन जणांना वाचून दाखवतो. पैसे नकोत.

ताळेबंद

९,००० जमा झाले का?

शाईचा_ठिपका

आज सकाळी झाले. आणि उद्यम क्रमांकही आला. नव्या बिलावर घातलाय.

पेठेतला_प्रूफवाला

पान लागलं की या चौकात. ‘कोळप्या’चं जोडाक्षर मी स्वतः बघतो.